मंगळवारी, एक ते दोन

आमच्या धंद्यात सगळ्यात आधी झिजतात ते बूट. डोळ्यांचं काम लोकांना वाटतं तेवढं नसतं. ज्याच्या मागावर असतो त्याच्याकडे बघायचं नसतंच मुळी. दुकानाच्या काचेत बघायचं, उभ्या गाडीच्या आरशात बघायचं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर त्याच्या पावलांकडे. माणूस कोट बदलतो, टोपी बदलतो, बूट सहसा बदलत नाही.

माझं कार्यालय शिवणयंत्रांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, तीन खुर्च्या, एक लोखंडी कपाट. दारावर ‘खासगी चौकशी’ एवढीच पाटी. त्याआधी मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचे. पाठ कायमची मोडली असं लिहून देणारा एक गृहस्थ भाच्याला खांद्यावर घेऊन नाचताना मला दिसला, आणि हे काम आपल्याला जमतं असं तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

कार्यालयात आम्ही दोघंच. मी आणि पोस्टमनकाका. काका एकतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले. वाटेनं जाणाऱ्या पोस्टमनकडे कुणी बघत नाही आणि पोस्टमन सगळ्यांकडे बघतो, त्यामुळे त्यांना शिकवायला फारसं काही उरलं नव्हतं. एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी सांगितली. वहीत फक्त दिसलेलं लिहायचं. ‘ती त्याला भेटली’ असं नाही, ‘ती त्याच्या शेजारी बसली’ असं. ‘प्रेमाने’, ‘चोरून’ हे शब्द आमच्या वहीत येत नाहीत. ते गिऱ्हाईक आपल्या मनानं भरतं. आणि वेळ आठवून लिहायची नाही, घड्याळात बघून लिहायची.

पुढचं सगळं मी त्या वहीतूनच लिहिते आहे.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता ठकी कार्यालयात आली. ठकी म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी कोपऱ्यात बसवली की लाकडी बाहुलीसारखी तासन्‌तास बसून राहायची, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. ते चिकटलं. चाळिशी ओलांडली तरी ती तशीच होती. तिच्या घरी गेलं की आपण बोलायचं आणि तिनं ‘हं’ म्हणायचं.

ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

“ताई, मला एकाच्या मागे माणूस लावायचाय.”

“कुणाच्या?”

“आमच्या ह्यांच्या.”

मी पेन खाली ठेवलं. “का?”

“मंगळवारी घरी येतात तेव्हा गुणगुणत असतात.”

“गुणगुणणं हा काही गुन्हा नाही, ठके.”

“अठरा वर्षांत कधी गुणगुणले नाहीत.” ती थांबली. एवढं सलग बोलायची तिला सवय नव्हती. “कोटाला ओल्या मातीचा वास येतो. आणि माझ्याकडे असं बघतात...”

“कसं?”

“आमच्या दोघांचं काहीतरी गुपित असल्यासारखं. मलाही ते माहीत असल्यासारखं.”

 मग तिनं जे सांगितलं ते मी वहीत लिहिलं नाही, पण माझ्या ध्यानात राहिलं. ती म्हणाली, “मी दिवसभर त्या बाईचे नाक-डोळे बनवत बसते. एकदा उंच करते, एकदा गोरी करते. तिचा आवाज कसा असेल याचा विचार करता करता काल दूध उतू गेलं. मी बघत होते आणि ते उतू जात होतं.”

घरच्यांचं काम घ्यायचं नाही, हा मीच केलेला नियम. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं, ते इथं सांगून टाकते.

ठकीचा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. तो आमच्या घरात आला माझ्यामुळे. चष्म्याची दांडी कानाला टोचते असं सांगून मी चार वेळा त्याच्याकडे गेले होते. दांडी टोचत नव्हती. तो मात्र दरवेळी तितक्याच गांभीर्यानं ती वाकवून द्यायचा आणि कानामागे बोट लावून बघायचा. पाचव्या खेपेला मी सोबत म्हणून ठकीला नेलं. ती एक शब्द बोलली नाही. आरशासमोर नुसती बसून राहिली, आणि तो मला दांडी देताना तिच्याकडे बघत होता. लग्नात सगळ्यात जास्त राबले ती मीच. मेहुणे मेहुणे करून मी त्यांना अहो-जाहो करते. वहीत मात्र सगळे नुसते ‘तो’ आणि ‘ती’.

तेव्हा त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा ठकीला वाटत होता, तसा मलाही वाटला. मला ठकीचाही वाटत होता. त्याला अठरा वर्षं झाली होती.

पहिला मंगळवार. बारा पन्नासला त्यानं दुकानाच्या दारावर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी लावली. तपकिरी कोट, हातात कागदी पिशवी. तो पुढे, मी समोरच्या फुटपाथवर चाळीस पावलं मागे. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. लपवायला काही असलं की माणूस कोपऱ्यावर हटकून वळून बघतो. हा सरळ चालत होता, शाळा सुटल्यासारखा.

एक वाजून चार मिनिटांनी तो सार्वजनिक बागेतल्या काचघरात शिरला.

आत उष्ण आणि ओलं होतं. छताखालच्या नळांतून पाणी ठिबकत होतं. काचा आतून धुरकट झालेल्या, फरशी निसरडी, आणि सगळीकडे माती, कुजलेली पानं आणि शेवाळ यांचा एकत्र वास. नेच्यांच्या वाफ्यांमागे एक लाकडी बाक होतं. तिथे एक बाई माझ्याकडे पाठ करून बसली होती, गळ्यात निळा रुमाल. तो जाऊन तिच्या शेजारी बसला. पिशवीतून पाव काढला, मोडला, अर्धा तिला दिला. ती काहीतरी म्हणाली आणि तो हसला. मी त्याला हसताना पाहिलं होतं, फोटो काढताना वगैरे. हे ते हसणं नव्हतं.

मग तिनं मान वळवली. ती ठकी होती.

मला आधी राग आला. नवरा-बायको बागेत पाव खातात आणि मला मागे लावून गंमत बघतात, असं वाटलं. मी एका मोठ्या कुंडीमागे गेले आणि ठकीच्या घरी फोन लावला. घरचा फोन, भिंतीवरचा, तारेचा. तीन वेळा वाजला.

“हं,” ठकी म्हणाली.

तिच्यामागे कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं. पानांमधून मला बाक दिसत होतं. बाकावरच्या ठकीच्या एका हातात पाव होता, दुसरा हात त्याच्या बाहीवर होता.

“काही कळलं का?” फोनवरची ठकी म्हणाली.

“अजून नाही,” मी म्हटलं.

एकासारखी दिसणारी दुसरी माणसं असतात. विम्याच्या कामात मी तशा दोन जोड्या पाहिल्या होत्या. त्यानं बायकोसारखीच दिसणारी बाई शोधली असेल, पुरुषांचं काही सांगता येत नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण ती बाई पाव खाताना आधी कडा खाऊन मऊ भाग शेवटी ठेवत होती, आणि आमच्या घरात तसं फक्त ठकी खायची.

दुसऱ्या मंगळवारी मी काकांना ठकीच्या घरी पाठवलं, स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी दुरुस्त करायला. बारा पन्नास ते दोन, ठकी काय करते ते मिनिटामिनिटानं लिहा, एवढंच सांगितलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. मी काचघरात आधीच जाऊन बसले, बाकाच्या डाव्या बाजूला, पानांच्या आड, एक वही आणि झाडांची चित्रं काढायची पेन्सिल घेऊन. चित्र काढणाऱ्या बाईजवळ कुणी फारसं थांबत नाही.

यावेळी मी सहा हातांवर होते. डाव्या भुवईवर झोक्यावरून पडल्याची खूण होती. बूट मीच ठकीला घेऊन दिलेले, डाव्याचा पट्टा तुटल्यावर तिनं काळ्या दोऱ्यानं शिवलेला. टाके मी मोजले, सात.

आणि ती बोलत होती. ठिबकणाऱ्या पाण्यामुळे शब्द नीट कळत नव्हते, पण ती थांबतच नव्हती. हातवारे करून, मध्येच नक्कल करून. घरी ठकी त्याला ‘अहो’ म्हणते. ही म्हणत होती, “अरे, ऐक ना.”

संध्याकाळी पाच वाजता आम्ही दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. काकांचं अक्षर मोठं, टपालाच्या नोंदीसारखं.

माझ्या वहीत होतं: ‘१.२२. ती डोकं मागे टाकून मोठ्यानं हसली.’

काकांच्या वहीत होतं: ‘१.२२. बाईंनी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. कोण हसलं, असं विचारलं. मी हसलो नव्हतो.’

काकांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. मग चष्मा काढून पुसला.

“जुळी का?” त्यांनी विचारलं.

“नाही. तिच्या जन्माच्या वेळी मी पाच वर्षांची होते. एकच झाली.”

दोननंतर काय झालं तेही वहीत आहे. तो दुकानाकडे गेला, ती तीन मिनिटं बसून उठली. मी तिच्या मागे निघाले. ती घाईत नव्हती. बागेचं मागचं दार, पूल, बेकरी, मग ठकीची गल्ली. दोन वाजून एकवीस मिनिटांनी ती ठकीच्या इमारतीत शिरली. मी वीस आकडे मोजून आत गेले. जिना अरुंद आहे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागतं. वरून काका उतरत होते, हातात पेचकस.

“आत्ता कोण गेलं वर?”

“कुणी नाही.”

वर ठकीचं दार उघडंच होतं. ती फरशी पुसत होती. दाराशी मांडणीवर ते बूट होते, सात टाक्यांचे. मी वाकून तळ बघितले. माझे तळ काचघरातल्या चिखलानं माखले होते. तिचे कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी मी मेहुण्यांच्या दुकानात डोळे तपासायला गेले. अंधाऱ्या खोलीत त्या उंच खुर्चीवर हनुवटी टेकवून बसले की समोरचा माणूस अगदी जवळ येतो आणि खालच्या आवाजात बोलतो. चौकशीला याहून चांगली जागा नाही.

“मंगळवारी तुम्हाला बागेत पाहिलं,” मी म्हटलं. “ठकीबरोबर.”

भिंगं बदलणारा त्याचा हात थांबला. मग तो लाजला. चाळिशीतला माणूस लाजला की फार बरा दिसतो.

“ती तुम्हाला सांगणार नाही म्हणाली होती,” तो म्हणाला. “आठ महिने झाले, ताई. एक दिवस दुकानात आली आणि म्हणाली, घरात मला बोलता येत नाही. भिंती ऐकतात. बाहेर भेटू. पण घरी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, मी विसरल्यासारखी वागेन.”

“आणि घरी?”

“घरी तशीच. हं, आणि भाजी वाढू का.” तो हसला. “आधी मला विचित्र वाटलं. आता वाटतं, प्रत्येकाची एक पद्धत असते. मला मंगळवार आहे ना, पुरे.” मग म्हणाला, “खालून तिसरी ओळ वाचा.”

मी वाचली. एक अक्षर चुकलं. त्याला मी काही सांगितलं नाही. सांगायला काय होतं? आणि खरं सांगायचं तर त्या अंधारात, तो तिच्याबद्दल त्या सुरात बोलत असताना, मला सांगायचंच नव्हतं.

ठकीला मात्र सांगणं भाग होतं. काम तिचं होतं. शुक्रवारी ती आली. मी दोन्ही वह्यांची नक्कल आणि फोनवर काढलेले पाच फोटो तिच्यापुढे ठेवले. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती घाबरली नाही. एकेक फोटो तिनं खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, पोरीसाठी स्थळ बघावं तसा.

“ती मी आहे,” ती म्हणाली.

“दिसते तुझ्यासारखी.”

“नाही. मीच आहे.” तिनं फोटो उलटा ठेवला. “ती काय बोलते?”

“सगळं ऐकू येत नाही. शेजारचे, तुझ्या शाळेतल्या बाई, कुणाकुणाच्या नकला.”

“मला नकला येतात,” ठकी म्हणाली. “मी कधी करत नाही, पण मला येतात.” तिच्या गालावर तांबडे डाग उमटले होते. “ताई, ती माझ्यापेक्षा बरी दिसते का?”

इथे लगेच ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी विचार केला. फार नाही, तीन-चार सेकंद. ठकीनं ते मोजले.

“मी जाते मंगळवारी,” ती म्हणाली. “आधी जाऊन बसते. तो माझा नवरा आहे, मी बसेन तिथे.”

काय बोलायचं ते तिनं कागदावर लिहून पाठ केलं. सोमवारी माझ्या कार्यालयात येऊन तालीमही केली. खुर्चीला नवरा समजून ती म्हणत होती, “अरे, आज उशीर केलास.” ‘अरे’ शब्दावर तिचा आवाज दरवेळी बसत होता. काका दुसऱ्या खोलीत जाऊन उभे राहिले.

तिसरा मंगळवार. बारा चाळीसला ठकी बाकावर बसली. राखाडी कोट, ओठांना थोडा रंग. काचघराच्या दाराशी तिकिटं देणारी बाई तिला म्हणाली होती, “आज लवकर?” ठकीनं ते मला बाकावरून हळूच सांगितलं, तोंड वाकडं करून. मी डावीकडे, चित्र काढत.

एक वाजून चार मिनिटांनी तो आला.

तो सरळ बाकाकडे आला. ठकीनं मान वर केली. तिचे ओठ हलले. ‘अरे’ म्हणाली असावी, पण पाणी ठिबकत होतं.

त्यानं मान लववली, अनोळखी माणसापुढे लववतात तशी.

“इथे कुणी बसलंय का?” त्यानं विचारलं. खालून तिसरी ओळ वाचा म्हणताना असतो, तो आवाज.

ठकीचं तोंड उघडं राहिलं. मग मिटलं. तिनं मान हलवली.

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. पावाची पिशवी त्यानं मध्ये ठेवली आणि दाराकडे बघायला लागला.

ठकी त्याच्याकडे बघत होती. एवढं टक लावून कुणी बघितलं तर माणूस अस्वस्थ होतो. तो झाला नाही.

एक वाजून नऊ मिनिटांनी ती आली. दारातून नाही, नेच्यांच्या बाजूनं. निळा रुमाल.

त्यानं पिशवी उचलली. ती दोघांच्या मध्ये बसली, ठकीकडे पाठ करून. जागा पुरेशी नव्हती. ठकी सरकली.

एक बारा. ती हसली.

ठकी उठली. ती माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. सवयीनं मी बुटांकडे बघितलं. तोंडाकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं.

एकट्या माणसाला एका वेळी एकाच्याच मागे जाता येतं. माझी बहीण दाराकडे चालली होती आणि मी पेन्सिल धरून बसून राहिले. मला ती काय बोलते ते ऐकायचं होतं. दोन आठवड्यांपासून ऐकायचं होतं. तेवढ्यात वरचा नळ कुणीतरी बंद केला आणि ठिबकणं थांबलं.

“ताईला तू आवडायचास, माहितीये?” ती म्हणत होती.

“काहीतरीच.”

“चार वेळा दांडी वाकवून घेतली तिनं. आम्ही एका खोलीत झोपायचो, मला कळायचं. दरवेळी नवा रुमाल घेऊन जायची.” ती हसली, पण त्यात कुचेष्टा नव्हती. “मी त्या दिवशी दुकानात बोललेच नाही ना? बोलायचं होतं मला. वाटलं, मी तोंड उघडलं तर तिच्या लक्षात येईल की तू मला आवडलास, आणि ती तुला परत घेऊन जाईल. तेव्हापासून जी मी गप्प बसले...”

तो तिचा हात हातात घेऊन बसला.

हे ठकीशिवाय कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. मी वही मिटली. त्या दिवसाची नोंद तिथेच तुटली आहे.

मी दाराशी गेले तेव्हा एक एकोणीस झाले होते. तिकिटवालीला विचारलं, आत्ता राखाडी कोटातली बाई बाहेर गेली का?

“दर मंगळवारी येणारी ना? ती आत आहे,” ती म्हणाली. “अजून कुणीच बाहेर आलेलं नाही.”

काचघराचं मागचं दार त्या दिवशी रंग देण्यासाठी बंद होतं. मी काचघर तीनदा पालथं घातलं. वाफ्यांच्या मागे, कुंड्यांच्या मागे, माळ्याच्या खोलीत. बाकावर दोघं पाव खात होती. मी समोरून गेले तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

तीन वाजता मी ठकीच्या घरी पोचले. घंटा वाजवली.

“ये ना ताई, दारात काय उभी?” ठकी म्हणाली.

घरात कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं. तिनं मला बसवलं, पाणी दिलं, आणि बोलायला लागली. खालच्या मजल्यावरच्या बाईची नक्कल केली. नक्कल इतकी चांगली होती की मी हसले. मग मी विचारलं, “दुपारी बागेत गेली होतीस ना?”

“गेले होते की. दर मंगळवारी जाते,” ती म्हणाली. “आता नाही जाणार. घरीच बरं.”

सहा वाजता मेहुणे आले. ती स्वयंपाकघरातून ओरडली, “अरे, आलास?” तो दारातच थांबला. एका बुटाची नाडी सुटलेली, एक पाय वर, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी पोलिसात जायचं ठरवलं होतं. बहीण हरवली म्हणून सांगायचं, तर बहीण घरी होती, फोन उचलत होती, आईला दर रविवारी भेटत होती. “ठकी किती छान बोलायला लागली ग,” आई मला म्हणाली, “आता तूही जरा हसत जा.” काका आणि मी तीन आठवडे शोधलं. दवाखाने, स्थानकं, बायकांची वसतिगृहं. फोटो दाखवला की लोक म्हणायचे, ही ना, चष्मेवाल्यांची बायको. आत्ताच बेकरीत दिसली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. माझं बरं चाललंय. ठकी मला दर शनिवारी जेवायला बोलावते, माझ्या केसांना काय लावायचं ते सांगते. तो तिच्याकडे बघतो तेव्हा मी अजूनही आपल्या ताटात बघते, पण ते जुनंच आहे. वहीत लिहिलंय की ठकी पूर्वी गप्प असायची, नुसतं हं म्हणायची. कसं म्हणायची ते मला आठवत नाही. आईला विचारलं, तिलाही नाही आठवत. ती म्हणते ठकी लहानपणापासूनच बडबडी.

परवा सकाळी कार्यालयात एक बाई आल्या. साधारण चाळिशीच्या, राखाडी कोट, अंगाला ओलसर वास. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. अशी गिऱ्हाइकं येतात. घरातलं बाहेर काढायला वेळ लागतो. मी पाणी दिलं. कुणाच्या मागे माणूस लावायचाय, असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. आवाज नीट फुटला नाही. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण या कामात रोज पन्नास चेहरे बघावे लागतात. शेवटी मी त्यांना काकांच्या खोलीत पाठवलं, नाव-पत्ता लिहून द्या म्हटलं.

थोड्या वेळानं काका कागद घेऊन आले. नावाची जागा कोरी होती.

“पत्ता चुकीचा लिहिलाय बाईंनी,” काका म्हणाले. “इथे तर तुमची बहीण राहते.”

मी कागद घेतला आणि पत्ता खोडला. त्या बाई दाराशी उभ्या होत्या. जाताना मला ‘ताई’ म्हणाल्या. या वयात बऱ्याच जणी म्हणतात.